मोटर कोणी उघडली

आमच्या गावात पंपाची मोटर जळली की माणूस आधी माझ्याकडे येतो आणि मग देवाकडे जातो, असं मी दुकानात बसून सांगायचो. लोक हसायचे. त्यात थोडी फुशारकी होती, पण फारसं खोटं नव्हतं. बावीस वर्षं मी मोटरींचं वाइंडिंग करतो आहे, म्हणजे जळलेली तार काढून नवी भरतो. विहिरीवरच्या, बोअरमधल्या, पिठाच्या गिरणीच्या, कडबा कापायच्या मशीनच्या, सगळ्या. जळलेल्या तारेचा नुसता वास घेऊन मी सांगतो की मोटर कमी दाबानं गेली की कोरडी चालून गेली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणानं झालं असं कोणी समजू नये. अडाणी माणसानं निदान कोणाला तरी विचारलं असतं.

माझा भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. आमची घरं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहेत. तो वरठीला एका धर्मकाट्यावर कामाला होता. ट्रक काट्यावर उभा राहतो, आत खोलीत बसलेला माणूस वजनाचा आकडा पाहून पावती देतो, तो माणूस म्हणजे माझा भाऊ. स्टेशन जवळ, कारखाना जवळ, त्यामुळे ट्रकांची रांग सकाळी सहालाच लागायची. सहाला काटा उघडला नाही तर ड्रायव्हर दोन-चारदा हॉर्न वाजवायचे आणि पुढच्या काट्यावर निघून जायचे. म्हणून मालकाची एकच अट होती, सहा म्हणजे सहा.

भावाचा उजवा गुडघा पंचेचाळिशीतच गेला होता. सारी उमर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखल तुडवल्यावर त्याला ही खुर्ची मिळाली होती, पंख्याखालची. ती नोकरी गेली असती तर त्या गुडघ्यानं दुसरं काही काम झालं नसतं, आणि हे त्यालाही माहीत होतं, मलाही. खुर्चीबद्दल तो कधी बोलायचा नाही. पण कामावर जाताना शर्टाला इस्त्री करायचा, लग्नाला जावं तशी.

गावापासून काटा अकरा किलोमीटर. पहिली एसटी साडेसातला. मोटरसायकल त्याला जमली नाही. तरुणपणी एकदा शिकायला बसला आणि सरळ नाल्यात गेला, त्यानंतर त्यानं हँडलला हात लावला नाही. गावातले काही जण वरठीला जात, पण त्यांच्या पाळ्या वेगळ्या. कधी मागे बसायला मिळालं तर मिळालं. एरवी साधी सायकल आणि तो गुडघा.

मग त्यानं भंडाऱ्याहून बॅटरीची सायकल आणली. जावयानं दुकान दाखवलं, त्यानं पसंत केली, आणि दारात उभी राहिल्यावर मला कळलं. मला विचारलं नाही. गावात मोटरीतलं कळणारा माणूस एक, तो भिंतीपलीकडे झोपतो, आणि मोटर विकत घेताना त्याला विचारायचं नाही. नारळ फोडला तेव्हा मी पेढाही खाल्ला. पण त्या दिवसापासून मी त्या सायकलीला पाण्यात पाहायला लागलो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बायामाणसं, म्हातारे, सगळे बघायला आले. हँडलवर हाताच्या तळव्याएवढा डिस्प्ले, त्यात बॅटरीच्या रेघा, वेगाचा आकडा. मागच्या चाकाच्या मधोमध मोटर. लोक माझ्या दुकानात येऊन विचारायचे, की एवढ्याशा डब्यात मोटर बसते कशी? बावीस वर्षं मोटरी मी दुरुस्त करायच्या आणि कौतुक त्या डब्याचं. कानामागून आली अन् तिखट झाली. मी म्हणायचो, चले तो चाँद तक, नही तो शाम तक. लोक पुन्हा हसायचे. पण ती सायकल संध्याकाळपर्यंतच काय, वर्षभर चालली. ऊन, थंडी, एक अख्खा पावसाळा, काही म्हणजे काही झालं नाही. भाऊ पावणेसहाला काट्यावर. याचं मला बरं वाटायला हवं होतं.

बिघडली ती रोवणीच्या दिवसांत. त्याच्या सुट्टीच्या दिवशी. आमच्याकडे धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटून त्यांच्या पेंढ्या बांधतात आणि जिथं रोवायचे त्या बांधीपर्यंत नेतात. भावानं त्या दिवशी पेंढ्या नेल्या सायकलीच्या कॅरिअरवर. ओल्या पेंढीचं वजन काय असतं ते वाहणाऱ्यालाच माहीत. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सायकल उभी करून पेंढ्या चढवताना ती पुढेमागे सरकू नये म्हणून आम्ही सगळेच एक करतो. जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन ब्रेकचा दांडा मुठीला आवळून बांधून टाकतो. ब्रेक लागलेला राहतो, सायकल हलत नाही. माझ्या वडिलांनी हेच केलं, मीही करतो. भावानंही तेच केलं. दिवसभर चिखलाच्या हातांनी बांधलं, सोडलं, बांधलं, सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर चालेना. डिस्प्ले लागला, बॅटरी भरलेली, पण मूठ पिळली तरी नाही आणि पायडल मारलं तरी नाही. त्यानं मला उठवलं नाही. ती जड सायकल नुसत्या पायानं हाणत गेला, काटा वीस मिनिटं उशिरा उघडला. संध्याकाळी परत आल्यावर सायकल माझ्या दुकानासमोर उभी केली. मला आठवतं, तो पाय ओढत होता आणि मला आतून बरं वाटत होतं. बरं म्हणजे काय, आनंदच झाला होता. शेवटी माझ्याच दारात आली ना.

डिस्प्लेवर बॅटरीच्या खाली एक छोटं चिन्ह दिसत होतं. गोल, दोन्ही बाजूंनी कंस, मधे उद्गारचिन्ह. भावानं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे आधी नव्हतं गा. आजच दिसून राहिलं."

मी त्या चिन्हाकडे एकदा पाहिलं. असलं चिन्ह मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण न येणारी गोष्ट येत नाही म्हणायची सवय मला कधीच नव्हती. मी सांगून टाकलं, की मोटर धोक्यात आहे असं ते म्हणतं. चाकातली मोटर पाण्यात गेली, वाइंडिंग शॉर्ट झालं असणार. त्यानं विचारलं, की मग भंडाऱ्याच्या दुकानात दाखवू का, एक दिवस सुट्टी मागून घेतो.

"कायले भंडाऱ्याले जातं?" मी म्हटलं. "मी मेलो का इथं?"

दुकानात दोघंतिघं बसलेले होते. ते ऐकत होते. भाऊ म्हणाला, तसं नाही, तुझा वेळ जाईल म्हणून म्हटलं. आणि सायकल तिथंच ठेवून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो कोणाच्या तरी मागे बसून कामावर गेला आणि मी दुपारी चाक काढलं. मोटरीच्या झाकणाचे स्क्रू सोडले. आत चुंबकं एवढी जोरदार, की झाकण सुटताना माझं बोट चिमटलं. आत पाण्याचा थेंब नव्हता. तांबं कोरं करकरीत, नव्या नवरीसारखं. कोणालाही कळलं असतं की ही मोटर शॉर्ट झालेली नाही. मलाही कळलं. पण लोकांसमोर वाइंडिंग म्हणून बसलो होतो, आता वाइंडिंगमध्येच काहीतरी सापडायला हवं होतं.

आमच्या धंद्यात तार तपासायची एक जुनी रीत आहे. लाकडी पाटीवर एक बल्ब, त्याला घरातली लाइट, आणि दोन सुट्या तारा. त्या दोन तारा गुंडाळीच्या दोन टोकांना लावायच्या. बल्ब पेटला तर तार अखंड, नाही पेटला तर कुठंतरी तुटली. आम्ही त्याला सिरीज म्हणतो. गल्लीतला कोणताही वाइंडर दिवसातून पन्नास वेळा सिरीज लावतो, श्वास घ्यावा तसा, विचार न करता. मोटरीतून तीन जाड तारा बाहेर आल्या होत्या. त्यांना सिरीज लावली, बल्ब छान पेटला. तिन्ही गुंडाळ्या ठीक. इथं थांबायला हवं होतं. त्या तिघींबरोबर पाच बारीक तारा होत्या, सुतळीहून बारीक, लाल, काळी, आणखी कोणकोणती. त्या कशाच्या हे मला माहीत नव्हतं. मी त्यांनाही सिरीज लावली.

बल्ब किंचित लालसर झाला आणि विझला. एक बारीकसा वास आला. तांब्याचा नव्हे, दुसरा कुठला तरी, मला न ओळखता येणारा वास. मी स्वतःला म्हटलं, सापडलं, तार इथं तुटलेली आहे.

सगळं पुन्हा जोडून सायकल सुरू केली. मोटर चाललीच नाही. वरून डिस्प्लेवर त्या गोल चिन्हाशेजारी आता एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा लुकलुकायला लागला. आधी एक तक्रार होती, आता दोन. संध्याकाळी भाऊ आला तेव्हा मी त्याला तो आकडा दाखवून म्हटलं, पाहा, मी म्हणतच होतो, मोटरच गेली. त्यानं मान हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास होता. माझ्या कामावर तर जास्तच होता.

मग मात्र भंडाऱ्याला न्यावीच लागली. भावाला सुट्टी नव्हती, म्हणून ऑटोत टाकून मीच घेऊन गेलो. दुकानात दुरुस्तीला एक मुलगी होती, पंचवीस-सव्वीस वर्षांची, हातात टेस्टर, केसांना रुमाल बांधलेला. आयटीआय झालेली असावी. मी मनात म्हटलं, आता ही मला मोटर शिकवणार. तिनं मोटरीकडे पाहिलंही नाही. डिस्प्ले सुरू केला, ते गोल चिन्ह पाहिलं आणि सरळ डाव्या मुठीजवळ गेली. ब्रेकचा दांडा अंगठ्याच्या नखानं बाहेर ढकलला. दांडा अर्धं बोट बाहेर आला, आणि चिन्ह गेलं.

तेवढंच. नखानं.

तिनं दांड्याच्या सांध्यातला वाळलेला चिखल टाचणीनं उकरला, दोन थेंब तेल सोडलं, दांडा चार वेळा दाबून सोडला. मग मला समजावून सांगितलं, काका म्हणत, अगदी नीट. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून दांड्यात एक बारीक बटण असतं. दांडा पूर्ण मागे आला नाही तर सायकलीला वाटतं की ब्रेक दाबलेलाच आहे, आणि मोटर सुरूच होत नाही. ते चिन्ह ब्रेकचंच असतं, चारचाकीतही तेच असतं. रोवणीच्या दिवसांत अशा सायकली पुष्कळ येतात म्हणाली. लोक ब्रेक बांधून ठेवतात ना.

डिस्प्लेवर अक्षर आणि आकडा अजून लुकलुकत होता. तिनं भुवया आकसल्या, मोटरीची तार सोडून दुसरं काहीतरी लावून पाहिलं, आणि तिच्या नजरेला झाकणाचे स्क्रू पडले. स्क्रूंच्या खाचा माझ्या पेचकसानं खरवडलेल्या होत्या.

"मोटर कोणी उघडली, काका?"

मी म्हटलं, "गावातल्या एका माणसानं."

ती हसली नाही. हसली असती तर मला चिडता आलं असतं. म्हणाली, "त्यानं सिरीज लावली असंल. ह्या बारीक तारा सेन्सरच्या आहेत, पाच व्होल्टवर चालतात. घरची लाइट लागली का मेल्याच समजा. त्याले सांगा, पंप बनवत जा म्हणा. मोटर चांगली होती."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटत राहिलं, की हिला कळलं आहे. माझ्या बोटांना वाइंडिंगच्या वार्निशचे डाग होते, ती बोटं मी खिशात घातली. तिनं सांगितलं, की सेन्सर बदलायला मोटर नागपूरला जाईल, पंधरा-वीस दिवस धरून चला. भावानं सायकल माझ्या दारात आणली त्याच दिवशी ब्रेक नखानं सरकवून ती चालू झाली असती आणि माझा भाऊ दुसऱ्या सकाळी पावणेसहाला काट्यावर असता. हे मी तिथं दुकानात उभा राहून पूर्ण समजलो. नंतर केव्हातरी कळलं असं मला म्हणता येणार नाही.

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं. भावाला सांगितलं, की कंपनीची मोटरच खराब निघाली, आत सेन्सर म्हणून काही असतं ते कच्चं होतं, नागपूरला पाठवली. तो म्हणाला, नशीब आपलं. त्यानं दुकानाला शिवी दिली नाही, कंपनीला दिली नाही. त्या मी दिल्या, पोटभर, लोकांसमोर. तोंडावर पडायची पाळी माझ्यावर होती आणि मी त्या बिचाऱ्या मोटरीला पाडलं.

चार दिवस मी त्याला माझ्या गाडीवर सोडलं. पहाटे पाचला उठायचं, सव्वापाचला निघायचं, परत येऊन दुकान उघडायचं. त्या आठवड्यात पावसानं दडी मारली आणि गावभरचे पंप रात्रंदिवस चालायला लागले, म्हणजे जळायलाही लागले. दुकानापुढे चार मोटरी पडल्या होत्या. पाचव्या दिवशी मी भावाला म्हटलं, की मला आता जमणार नाही, डोळे मिटतात, तार चुकते. तो लगेच म्हणाला, राहू दे, तुझा खोळंबा कशाला, मी जातो. मला वाटलं होतं तो थोडा तरी आग्रह करील. केला नाही, आणि मला सुटल्यासारखं झालं.

तो जुनी साधी सायकल काढून जायला लागला. पहिले दोन दिवस वेळेवर पोचला. मग गुडघा सुजला. कधी दहा मिनिटं उशीर, कधी अर्धा तास. एकदा वाटेत चेन उतरली, एकदा खाली बसून राहिला, पाय उचलेना. मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा स्वतः येऊन काटा उघडला, आणि चौथ्या वेळी त्याचा साळा खुर्चीवर बसलेला होता. भाऊ उलट पावली आला. घरी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला. हे मला वहिनीनं सांगितलं.

त्यानंतर पाच दिवसांनी मोटर आली. त्या मुलीनं बसवून दिली, मी सायकल चालवत आणली. भन्नाट चालत होती. भाऊ तिच्यावर बसून मालकाला भेटायला गेला, आता उशीर होणार नाही असं सांगायला. मालकानं चहा पाजला आणि म्हणाला, की आधी आला असता तर पाहिलं असतं. भावानं हे मला ओट्यावर बसून सांगितलं, चहा चांगला होता असंही सांगितलं.

मग तो बांधीकडे वळला. दुसरं काय करणार? धुऱ्यावरून चालताना काठी घ्यायचा. निंदणाला बसला की उठताना हाताचा टेका लागायचा, आणि उठल्यावर थोडा वेळ तसाच उभा राहायचा, कुणी पाहत नाही ना ते बघत. मी पाहत असायचो.

मी कदाचित कधीच बोललो नसतो. माणूस खोट्याबरोबर राहायला शिकतो, दातात अडकलेल्या काडीसारखं ते मग टोचत नाही. पण धान कापणीच्या सुमारास गावातला एक जण माझ्या दुकानात आला. त्याच्या मुलीला कॉलेजला जायला अशीच सायकल घ्यायची होती. भाऊ तिथंच बसला होता. त्यानं भावाला विचारलं, घेऊ का? आणि भाऊ त्याला समजावून सांगायला लागला, शांतपणे, एकेक गोष्ट. घेऊ नको, मोटरीतले सेन्सर कच्चे असतात, कंपनी फसवते, माझी नोकरी गेली. माझं खोटं, माझ्याच शब्दांत, त्याच्या तोंडातून. तो माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, तुमचं काय मत? मी म्हटलं, भाऊ म्हणतो ते बरोबर आहे. त्या मुलीची सायकल राहिली ती राहिलीच.

दोन दिवसांनी मी त्याच्या बांधीत गेलो. दुपार होती. तो एकटाच कापलेल्या धानाच्या पेंढ्या बांधत बसला होता. मी उभ्यानंच सांगितलं. सगळं. ब्रेक, चिखल, नख, सिरीज, आणि ती मुलगी काय म्हणाली तेही. त्यानं हातातली पेंढी आधी बांधून पूर्ण केली. पीळ दिला, टोक खोचलं, बाजूला ठेवली.

"कवा समजलं तुले?"

"भंडाऱ्याले गेलो त्याच दिवशी."

मला वाटलं तो रागावेल, आणि रागावला की मला मोकळं होता येईल. मी त्यासाठीच गेलो होतो, दुसरं कशासाठी नाही.

"म्हणजे चार दिवस सोडलं, अन मंग जमत नाही म्हटलं, तवा तुले माहीत होतं," तो म्हणाला. "मले वाटलं, कंपनीची चूक हाये, तुयावर कायले वझं टाकू. तू जाळली म्हणून माहीत असतं, त मी तुले म्हटलं असतं, रोज सोडून दे मले, मोटर येतपर्यंत. हक्कानं म्हटलं असतं. अन तू सोडलं असतं."

मी सोडलं असतं. लाजेखातर का होईना, वीस दिवस सोडलं असतं आणि खुर्ची राहिली असती. मोटर जाळली ती चूक होती, कोणाच्याही हातून होते. पण त्याला मागता येऊ नये म्हणून मी त्याच्यापासून खरं लपवलं होतं, आणि हे मी स्वतःशीसुद्धा तोवर असं सरळ म्हटलं नव्हतं. त्यानं बांधीत बसल्या बसल्या म्हटलं. मग दुसरी पेंढी ओढली आणि कामाला लागला. मी परत आलो.

तो माझ्याशी बोलायचा थांबला नाही. भिंतीपलीकडून भाजी येत होती, इकडून जात होती. सणाला एकत्र जेवलो. लोकांना त्यानं काही सांगितलं नाही, कंपनीला दोष देणं मात्र बंद केलं. मला वाटायला लागलं की झालं गेलं, भाऊच आहे शेवटी.

उन्हाळी धानाला पाणी देताना त्याच्या विहिरीवरची मोटर जळली. मला वास दुकानापर्यंत आला म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण वहिनी घाईनं गेली तेव्हाच मला कळलं होतं. मी बाक मोकळा केला, तार काढून ठेवली. त्याची मोटर बाकीच्यांच्या आधी घ्यायची ठरवलं. दुपारी एक ऑटो माझ्या दुकानापुढून निघाला, त्यात मोटर, शेजारी भाऊ. मी रस्त्यात आडवा झालो. विचारलं, कुठं नेतोस. तो म्हणाला, अड्याळला. अड्याळच्या त्या वाइंडरला मी ओळखतो. हात कच्चा आहे त्याचा, वार्निश नीट वाळू देत नाही. आणि अड्याळ म्हणजे भंडारा ओलांडून पार पलीकडे, उन्हातान्हात.

"भाऊ, मी हावो न इथं," मी म्हटलं. "त्याच्यापेक्षा चांगली भरून देईन."

"भरशीन तू चांगलीच," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पण काय बिघडलं होतं ते तू मले खरं सांगशीन का नाही, हे मले कसं समजन?"

ड्रायव्हरनं गिअर टाकला. मी बाजूला झालो. समोरच्या पानठेल्यावरचा माणूस सगळं पाहत होता, पण ऐकू गेलं नसावं. त्यानं विचारलं, भावाची मोटर कुठं चालली, तुम्ही असताना? मी म्हटलं, अड्याळला, त्याचं तिकडं दुसरं काम होतं, जाता जाता घेऊन गेला.

तिकडं त्याचं काहीच काम नव्हतं.